वाय-फाय चिप आतून समजून घेताना: हार्डवेअर, फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांच्यातील कामाची वाटणी

लिनक्समधील एथ९के हा अथेरॉसच्या चिपांसाठीचा ड्रायव्हर पूर्णपणे खुला आहे आणि त्याच्या पीसीआय कार्डांना वेगळे फर्मवेअरही लागत नाही. त्यामुळे वाय-फायचे अंतरंग शिकू पाहणाऱ्याने त्यापासून सुरुवात करावी, हा सल्ला योग्यच आहे. मात्र तो वाचायला घेतलेल्या नवख्या माणसाला लवकरच एक कोडे पडते. फ्रेम नीट मिळाली की तिची पोचपावती पाठवायची, हा ८०२.११ या वाय-फायच्या मानकाचा अगदी पायाभूत नियम आहे; पण मिळालेल्या फ्रेमची पोचपावती तयार करून हवेत सोडणारा भाग या ड्रायव्हरमध्ये कितीही शोधला तरी सापडत नाही, कारण तो तिथे नाहीच. ते काम चिपमधील लॉजिक परस्पर करते आणि प्रत्येक पोचपावतीची खबर ड्रायव्हरला दिलीही जात नाही.

असे कोणते काम चिपने करायचे, कोणते चिपमधील छोट्या प्रोसेसरवर चालणाऱ्या फर्मवेअरने आणि कोणते संगणकावरील ड्रायव्हरने, ही वाटणी कशावरून ठरते हे एकदा समजले की कोणत्याही कंपनीची चिप समोर आली तरी तिची रचना अंदाजाने ओळखता येते. माझ्या मते या वाटणीचे मूळ वेळेत आहे, आणि म्हणूनच पुढील पायऱ्यांची सुरुवात मी सर्किटच्या आकृतीपासून न करता मायक्रोसेकंदांच्या हिशेबापासून करत आहे. वाचकाला इथरनेट फ्रेम म्हणजे काय हे माहीत आहे आणि लिनक्सचे टर्मिनल वापरण्याची सवय आहे, एवढे मी गृहीत धरले आहे.

पायरी १: आधी वेळेचा हिशेब मांडावा

५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील २० मेगाहर्ट्झ रुंदीचा साधा चॅनल आणि ५४ मेगाबिटचा जुना ओएफडीएम (माहिती अनेक उपवाहकांवर वाटून पाठवण्याची पद्धत) वेग घ्यावा, कारण त्याचा हिशेब कागदावर करता येतो. या पट्ट्यात फ्रेम संपल्यापासून तिची पोचपावती सुरू होईपर्यंतचे अंतर १६ मायक्रोसेकंद ठरलेले आहे. त्याला सिफ्स म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये सिफ्स १० मायक्रोसेकंदांचा आहे, पण तिथे ओएफडीएम फ्रेमच्या शेवटी ६ मायक्रोसेकंदांची मोकळी मुदत जोडलेली असते, म्हणजे प्रत्यक्षात गणित तेच राहते. एक स्लॉट ९ मायक्रोसेकंदांचा असतो, आणि सिफ्समध्ये दोन स्लॉट मिळवले की ३४ मायक्रोसेकंदांचा डिफ्स होतो. नवी फ्रेम पाठवू इच्छिणाऱ्याने माध्यम निदान एवढा वेळ शांत असल्याची खात्री करून घ्यायची असते.

आता पोचपावतीकडे पाहू. ती १४ बाइटची, म्हणजे ११२ बिटांची असते. त्यात आरंभीचे १६ आणि शेवटचे ६ बिट मिळवले की १३४ बिट होतात. २४ मेगाबिट वेगाला ४ मायक्रोसेकंदांच्या एका चिन्हात (संकेताच्या एका तुकड्यात) ९६ बिट मावतात, म्हणून दोन चिन्हे लागतात. त्यांच्या आधी २० मायक्रोसेकंदांचा आरंभसंकेत असतो. एकूण २८ मायक्रोसेकंद.

वरकरणी १६ मायक्रोसेकंद पुरेसे वाटतात. १ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्या वेळात १६,००० चक्रे मिळतात आणि १४ बाइटची फ्रेम बनवायला तेवढी लागणारही नाहीत. पण हा सगळा वेळ प्रोसेसरच्या हाती येतच नाही. शेवटचे चिन्ह अँटेनापर्यंत पोहोचल्यानंतर त्याचे फूरिये रूपांतर करायचे, त्रुटिदुरुस्तीचा संकेत उलगडायचा, फ्रेमच्या शेवटचे ४ बाइट (चूक ओळखण्यासाठी जोडलेला सीआरसी) तपासायचे आणि रेडिओला ऐकण्याच्या स्थितीतून बोलण्याच्या स्थितीत न्यायचे, या सगळ्यातून उरतात ते मोजके मायक्रोसेकंद. तेवढ्या अवधीत इंटरप्ट पाठवून, चालू असलेले काम थांबवून, ड्रायव्हरला जागे करून उत्तर परत चिपपर्यंत आणणे सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टिमला कधी जमेल आणि कधी जमणार नाही. आणि इथे दर वेळी जमणे आवश्यक आहे, कारण पोचपावती वेळेत आली नाही तर पाठवणारा फ्रेम हरवली असे समजून ती पुन्हा पाठवतो. यूएसबी डोंगलच्या बाबतीत तर प्रश्नच मिटतो. यूएसबी २.० चा हायस्पीड व्यवहार १२५ मायक्रोसेकंदांच्या सूक्ष्म चौकटींत चालतो, म्हणजे संगणकाला नुसती बातमी कळेपर्यंतच सिफ्स कित्येकदा उलटून गेलेला असतो.

पायरी २: प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारावेत

मानकातील कोणतेही काम समोर आले की तीन गोष्टी तपासाव्यात: उत्तर द्यायला किती वेळ आहे, हे काम किती वेळा करावे लागते, आणि पुढे त्याचे नियम बदलण्याची शक्यता किती आहे. मायक्रोसेकंदांत उरकायचे, प्रत्येक फ्रेमला करावे लागणारे आणि नियम पक्के असलेले काम थेट सिलिकॉनमध्ये जाते. मिलिसेकंदांची सवड असलेले काम फर्मवेअरकडे जाते. जे सेकंदांच्या मापाने चालते, क्वचित घडते आणि ज्याचे नियम दर काही वर्षांनी बदलतात, ते संगणकावर राहते.

या हिशेबाने चार थर दिसू लागतात. सर्वांत खाली बेसबँड (रेडिओ संकेत आणि बिट यांचे एकमेकांत रूपांतर करणारा भाग) आणि खालचा मॅक (माध्यम कोणी कधी वापरायचे हे पाहणाऱ्या थराचा वेळेला बांधलेला भाग) असतो. त्यात पोचपावती, बॅकऑफ (पाठवण्याआधी यादृच्छिक वेळ थांबणे), सीआरसी, पत्ता तपासणे आणि घड्याळ ही कामे येतात. त्याच्या वर फर्मवेअर असते. तिसरा थर ड्रायव्हर आणि लिनक्समधील मॅक८०२११ हा सामायिक संच यांचा असतो, आणि सर्वांत वर डब्ल्यूपीए सप्लिकंट किंवा होस्टएपीडी यांसारखे कार्यक्रम असतात, जे पासवर्डची खातरजमा आणि जोडणीचा निर्णय पाहतात. हे थर सगळीकडे इतके स्वच्छ वेगळे नसतात. ब्रॉडकॉमच्या अनेक चिपांत खालच्या मॅकमध्येच एक अगदी छोटे, खास त्या कामासाठी घडवलेले प्रोग्रॅम करता येणारे यंत्र असते आणि ते सूक्ष्मसंकेतावर (मायक्रोकोडवर) चालते. त्यामुळे सिलिकॉन कुठे संपते आणि फर्मवेअर कुठे सुरू होते हे सांगणे तिथे अवघड जाते. इटलीतील ब्रेशिया विद्यापीठातील गटाने अशा जुन्या चिपांसाठी खुला सूक्ष्मसंकेत लिहून दाखवला होता, आणि त्यामुळे या थराचा अभ्यास बाहेरच्यांनाही करता आला.

वरचा अर्धा मॅक संगणकावर ठेवणाऱ्या रचनेला सॉफ्टमॅक म्हणतात. सगळा मॅक चिपच्या आतील प्रोसेसरवर चालवून संगणकाला केवळ इथरनेटसारख्या फ्रेम देणाऱ्या रचनेला फुलमॅक म्हणतात. रास्पबेरी पायमधील ब्रॉडकॉम वंशाची चिप फुलमॅक आहे. एथ९केच्या चिपा सॉफ्टमॅक आहेत. आपल्या यंत्रात कोणती आहे हे ओळखायला लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी दाखवणारी एलएसमॉड ही आज्ञा पुरते. ड्रायव्हर मॅक८०२११ वर अवलंबून असेल तर सॉफ्टमॅक, आणि केवळ सीएफजी८०२११ वर असेल तर बहुतेक वेळा फुलमॅक. पोचपावतीचे काम मात्र दोन्हींत हार्डवेअरच करते.

पायरी ३: येणाऱ्या फ्रेमचा माग काढावा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. इथे घाई करू नये.

फ्रेमच्या आधी ८ मायक्रोसेकंदांचा लघु प्रशिक्षण संकेत येतो. त्यावरून चिपला कळते की हा नुसता गोंगाट नसून वाय-फायचा संकेत आहे, आणि ती प्रवर्धनाची पातळी ठरवते. पुढच्या ८ मायक्रोसेकंदांत दीर्घ प्रशिक्षण संकेतावरून वाटेत चॅनलने काय बदल घडवले याचा अंदाज बांधला जातो. नंतरच्या ४ मायक्रोसेकंदांत वेग आणि लांबी सांगणारा भाग येतो. इथवर चिपला फ्रेम कोणाची आहे हे माहीत नसते, पण ती कधी संपणार हे मात्र कळलेले असते.

त्यानंतर बाइट एकामागून एक उलगडत येतात आणि प्रत्येक बाइटवर अनेक तपासण्या एकाच वेळी चालू असतात. सीआरसीचे सर्किट पहिल्या बाइटपासूनच आपली बेरीज पुढे नेत असते, त्यामुळे फ्रेम संपली की उत्तर तयारच असते. संपूर्ण फ्रेम साठवून मग ती पुन्हा पहिल्यापासून तपासणे परवडणारे नसते. पहिल्या दोन बाइटांत फ्रेमचा प्रकार असतो, पुढच्या दोनांत कालावधी आणि त्यानंतरच्या सहांत स्वीकारणाऱ्याचा पत्ता. हा पत्ता इतक्या सुरुवातीला ठेवला आहे म्हणूनच तुलना करणाऱ्या सर्किटला निवांतपणे निर्णय घेता येतो. पत्ता आपला नसेल तर कालावधीचा आकडा एनएव्ही नावाच्या मोजणीयंत्रात भरला जातो आणि तो शून्यावर येईपर्यंत चिप माध्यम व्यग्र समजते. पत्ता आपला असेल तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांच्या तक्त्यात शोध सुरू होतो आणि बाकीची फ्रेम येत असतानाच एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीचे सर्किट ती उलगडू लागते.

फ्रेम संपते, सीआरसी जुळतो आणि सिफ्सचे मोजणीयंत्र सुरू होते. पोचपावती कोणत्या वेगाने पाठवायची हे ड्रायव्हरने आधीच एका तक्त्यात भरून ठेवलेले असते: आलेल्या फ्रेमच्या वेगापेक्षा जास्त नसलेला, जाळ्याने सक्तीचा ठरवलेला सर्वांत मोठा वेग. म्हणून ५४ मेगाबिटला आलेल्या फ्रेमची पोच बहुधा २४ मेगाबिटला जाते. ड्रायव्हरची भूमिका हीच आहे. तो तक्ते भरतो, रजिस्टरांत नियम लिहितो आणि बाजूला होतो.

इथे एक बारकावा नीट लक्षात घ्यायला हवा. पोचपावतीचा निर्णय फक्त पत्ता आणि सीआरसी यांवर होतो. फ्रेम खरोखर आपल्या जाळ्यातून आली आहे का, तिचे एन्क्रिप्शन योग्य आहे का, हे त्या वेळी विचारले जात नाही, कारण ते पडताळून पाहण्याइतकी सवड सिफ्समध्ये नसते. परिणामी अनोळखी यंत्राने खोटी, एन्क्रिप्शन नसलेली फ्रेम योग्य पत्त्यावर धाडली तरी आपला फोन तिची पोच देतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे निरनिराळ्या यंत्रांवर दाखवून दिले. ड्रायव्हर दुरुस्त करून हे वर्तन बदलता येत नाही, कारण त्याचे मूळ मानकातील वेळेच्या अटीत आहे.

पोच गेल्यानंतर घाई संपते. फ्रेम डीएमएद्वारे (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट) संगणकाच्या स्मृतीतील वर्तुळाकार रांगेत उतरते. तिच्यासोबतच्या डिस्क्रिप्टरमध्ये (फ्रेमची माहिती देणाऱ्या छोट्या नोंदीत) संकेताची ताकद, वेग, वेळेचा शिक्का आणि एन्क्रिप्शन उलगडले की नाही याचे बिट असतात. पोच वाटेत हरवल्यामुळे तीच फ्रेम पुन्हा आली असेल तर १२ बिटांच्या अनुक्रमांकावरून ती ओळखून टाकून देणे, किंवा ४८ बिटांच्या पॅकेट क्रमांकावरून कोणी जुनी फ्रेम पुन्हा खपवत नाही ना हे पाहणे, ही कामे मॅक८०२११ संगणकावर सहज करू शकतो.

पायरी ४: जाणाऱ्या फ्रेमचा माग काढावा

पाठवताना ड्रायव्हर फ्रेम रांगेत ठेवतो आणि डिस्क्रिप्टरमध्ये कोणत्या वेगाने किती वेळा प्रयत्न करायचे हे लिहितो. अथेरॉसच्या चिपांत चार वेगांची अशी साखळी देता येते: आधी मोठा वेग, जमले नाही तर त्याहून कमी, आणि असेच पुढे. कोणते वेग निवडायचे याचा अभ्यास मिन्स्ट्रेल नावाचा संगणकावरील भाग आधीच्या यशापयशावरून करतो. प्रत्यक्ष पुनःप्रयत्न मात्र संगणकाला न विचारता चिप करते.

रांगा चार प्रकारच्या असतात: आवाज, चित्र, सर्वसाधारण आणि पार्श्वभूमी. प्रत्येकीसाठी स्वतंत्र बॅकऑफ मोजणीयंत्र असते. सर्वसाधारण रांगेत पहिल्या वेळी ० ते १५ मधील एक यादृच्छिक आकडा निवडला जातो आणि प्रत्येक शांत स्लॉटला तो एकाने कमी होतो. मध्येच कोणी बोलू लागले तर मोजणी तिथेच थांबते आणि नंतर तिथूनच पुढे सुरू होते. फ्रेमची पोच आली नाही की वरची मर्यादा ३१, ६३ अशी वाढत १०२३ पर्यंत जाऊ शकते. माध्यम व्यग्र आहे की नाही हेही बेसबँडच ठरवतो: २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये वाय-फायचा ओळखीचा संकेत उणे ८२ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे संकेताच्या ताकदीचे माप) कमकुवत असला तरी तो ओळखावा लागतो, आणि अनोळखी ऊर्जा उणे ६२ डीबीएमपासून व्यग्रतेत धरली जाते. दर ९ मायक्रोसेकंदांनी घ्यायचा हा निर्णय संगणकाकडे सोपवता येणारच नाही.

या ठिकाणी मानक घडवणाऱ्यांनी हार्डवेअरचा किती बारकाईने विचार केला आहे ते दिसते, आणि मला हा भाग फार सुंदर वाटतो. पुनःप्रयत्न करताना फ्रेमच्या शीर्षकात पुनःप्रयत्नाचे एक बिट लावावे लागते. ते बदलले की सीआरसी बदलतो. म्हणून सीआरसी संगणकावर आधी काढून ठेवण्यात अर्थ नसतो आणि तो फ्रेम हवेत जात असतानाच जोडला जातो. मग एन्क्रिप्शनचे काय? एईएसवर आधारित सीसीएमपी पद्धतीत शीर्षकालाही सहीचे संरक्षण असते, पण ती सही काढताना पुनःप्रयत्नाचे बिट, वीजबचतीचे बिट आणि आणखी माहिती असल्याचे बिट शून्य मानायचे, असा नियम आहे. त्यामुळे शेवटच्या क्षणी ही बिटे बदलली तरी एन्क्रिप्शन पुन्हा करावे लागत नाही. बीकनची, म्हणजे प्रवेशबिंदू (राउटर) ठरावीक अंतराने पाठवतो त्या ओळखफ्रेमचीही तीच गोष्ट आहे. बीकनमध्ये ६४ बिटांची मायक्रोसेकंदांतील वेळ असते, पण माध्यम कधी मोकळे होईल हे आधी माहीत नसल्याने ती वेळ आधी लिहून ठेवता येत नाही; फ्रेम प्रत्यक्ष बाहेर पडत असताना चिप आपल्या घड्याळातील आकडा त्या जागी घालते. नवख्याने मानक वाचताना असे नियम मुद्दाम शोधावेत. विचित्र वाटणाऱ्या नियमामागे पुष्कळदा एखाद्या सर्किटची सोय असते.

पायरी ५: समूहफ्रेम का आल्या हे आकड्यांतून पाहावे

१५०० बाइटचा मजकूर शीर्षकांसह १५३६ बाइटचा होतो. ५४ मेगाबिटला एका चिन्हात २१६ बिट मावतात, म्हणून त्याला ५७ चिन्हे लागतात, म्हणजे २२८ मायक्रोसेकंद; आरंभसंकेत धरून २४८. त्यात सिफ्सचे १६, पोचपावतीचे २८, डिफ्सचे ३४ आणि सरासरी बॅकऑफचे ६७.५ मिळवले की जवळपास ३९४ मायक्रोसेकंद होतात. १२,००० बिटांना एवढा वेळ, म्हणजे हाती पडतात सुमारे ३० मेगाबिट. वेग कितीही वाढवला तरी फक्त ते २२८ मायक्रोसेकंद आक्रसतात, बाकीचे तसेच राहतात.

यावर ८०२.११एन मानकाने समूहफ्रेमचा मार्ग नेहमीचा केला. अनेक फ्रेम, प्रत्येकीच्या आधी ४ बाइटचा विभाजक लावून, एकाच आरंभसंकेतामागे जोडायच्या आणि त्या सगळ्यांची मिळून एकच पोच घ्यायची. या समूहपोचेत ६४ फ्रेमसाठी ६४ बिट असतात: मिळाली तर १, नाही तर ०. ८०२.११एएक्समध्ये ही मर्यादा २५६ आणि ८०२.११बीईमध्ये १०२४ फ्रेमपर्यंत गेली.

कामाची वाटणी इथे पुन्हा स्पष्ट होते. समूहपोचही सिफ्सच्या आत द्यावी लागते, म्हणून कोणत्या फ्रेम मिळाल्या याची नोंदवही चिपमध्येच ठेवावी लागते. ती प्रत्येक जोडीदारासाठी आणि प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीसाठी वेगळी असते आणि मर्यादा वाढली की तिला लागणारी स्मृतीही वाढते. मागे राहिलेली फ्रेम पुन्हा येईपर्यंत पुढच्या फ्रेम थोपवून त्यांचा क्रम लावण्याचे काम मात्र मिलिसेकंदांचे आहे. ते काही चिपांत फर्मवेअर करते आणि काहींत मॅक८०२११. ८०२.११एएक्सने एक नवे ओझे आणले. त्यात प्रवेशबिंदू ट्रिगर फ्रेम पाठवून अनेक यंत्रांना एकाच वेळी बोलायला सांगतो आणि त्यांनी सिफ्सनंतर लगेच, सांगितलेल्या लांबीत आणि वेगात, १४ बाइटच्या पोचेऐवजी प्रत्यक्ष माहिती पाठवायची असते. ती माहिती आयत्या वेळी संगणकाच्या स्मृतीतून आणण्याइतका वेळ नसल्याने फ्रेम चिपच्या जवळ आधीच तयार ठेवाव्या लागतात.

पायरी ६: सुरक्षेतील हार्डवेअरचा वाटा ओळखावा

पासवर्डवरून किल्ल्या ठरवण्याची देवाणघेवाण जोडणीच्या वेळी एकदा आणि पुढे अधूनमधून होते, म्हणून ती संगणकावर राहते. तिथे ठरलेली किल्ली ड्रायव्हर चिपच्या तक्त्यात लिहितो आणि प्रत्येक फ्रेमवरचे एईएस चिप करते. एन्क्रिप्शन हार्डवेअरमध्ये असण्याची किंमतही आहे. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत फोडली गेली तेव्हा बाजारातील कार्डांत तिचीच सर्किटे होती. म्हणून टीकेआयपी ही मधली पद्धत मुद्दाम त्याच सर्किटांवर चालेल अशी, तडजोड करत घडवावी लागली. पुढे २००४ च्या ८०२.११आय मानकातील सीसीएमपी सर्वत्र पोहोचण्यासाठी एईएस करणाऱ्या चिपा यंत्रांत याव्या लागल्या.

दुसरे उदाहरण क्रूक या दोषाचे. ईसेट या सुरक्षा कंपनीने तो फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केला. ब्रॉडकॉम आणि सायप्रेसच्या काही चिपांत जोडणी तुटली की स्मृतीतील किल्ली शून्यांनी भरली जाई, आणि हे योग्यच होते. पण पाठवण्यासाठी थांबलेल्या बफरमधील फ्रेम टाकून न देता त्या शून्य किल्लीने एन्क्रिप्ट करून हवेत सोडल्या जात. ऐकणाऱ्याला त्या सहज उलगडता येत. एन्क्रिप्शनचे सर्किट निर्दोष होते, किल्ली पुसण्याचा विचारही बरोबर होता. चूक होती ती दोन क्रियांच्या क्रमात. चिपमधील रांग आणि किल्ल्यांचा तक्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याने कायम ध्यानात ठेवले पाहिजे.

पायरी ७: आता प्रत्यक्ष हात घालावा

पुढील आज्ञा टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत द्यायच्या. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. दुसऱ्याच्या जाळ्यातील वाहतूक टिपू नये, प्रयोगासाठी स्वतःचा राउटर आणि स्वतःची यंत्रे वापरावीत.

प्रथम आयडब्ल्यू लिस्ट ही आज्ञा द्यावी आणि चिपच्या क्षमतांची यादी सावकाश वाचावी. त्यात एन्क्रिप्शनच्या पद्धतींची जी यादी येते ती हार्डवेअरचीच असते असा समज करून घेऊ नये. सॉफ्टमॅकमध्ये संगणकावर होणाऱ्या पद्धतीही तिच्यात येतात.

दुसरा प्रयोग पोचपावती डोळ्यांनी पाहण्याचा. दुसऱ्या लॅपटॉपचे कार्ड मॉनिटर स्थितीत (हवेतील सगळ्या फ्रेम नुसत्या ऐकण्याच्या स्थितीत) त्याच चॅनलवर ठेवावे. नियंत्रण फ्रेम चिप सहसा स्वतःच गिळून टाकते, म्हणून मॉनिटर इंटरफेस बनवताना त्या वर पाठवण्याचा कंट्रोल हा पर्यायही मागावा. वायरशार्क या फ्रेम पाहण्याच्या कार्यक्रमात प्रकार १ आणि उपप्रकार १३ च्या फ्रेम म्हणजे पोचपावत्या. समूहपोचेचा उपप्रकार ९ आहे. पोचपावतीत पाठवणाऱ्याचा पत्ताच नसतो हे पाहून गोंधळू नये: ती सिफ्सनंतर लगेच येते, यावरूनच ती कोणाची हे कळते. कधी कधी मूळ फ्रेम दिसत नाही आणि पोचपावती तेवढी दिसते. मूळ फ्रेम मोठ्या वेगाने गेलेली असल्याने आपल्या कार्डाला ती उलगडता आलेली नसते, कमी वेगाची पोच मात्र स्पष्ट ऐकू येते.

तिसरा प्रयोग एन्क्रिप्शन संगणकावर आणण्याचा. एथ९के लोड करताना नोएचडब्ल्यूक्रिप्ट हा पर्याय १ ठेवला की चिपचे एईएस बाजूला राहते. आयपर्फ३ या वेग मोजण्याच्या साधनाने माहिती पाठवत प्रोसेसरवरील भार दोन्ही स्थितींत पाहावा. एईएसच्या खास सूचना असलेल्या आधुनिक लॅपटॉपवर फरक किरकोळ वाटेल; छोट्या प्रोसेसरच्या जुन्या राउटरवर तो लगेच जाणवतो.

कार्ड हाताशी नसेल तर लिनक्समधील मॅक८०२११-एचडब्ल्यूसिम हे मॉड्यूल आभासी रेडिओ तयार करते आणि त्यावर प्रवेशबिंदू आणि ग्राहक दोन्ही चालवता येतात. वरचे दोन थर शिकायला याहून सोयीचे साधन नाही, मात्र खऱ्या हवेतील वेळेचे गणित त्यात उमगणार नाही. खालचा थर वाचायचा असेल त्याने बेल्जियममधील गेंट येथे सुरू झालेला ओपनवायफाय हा प्रकल्प घ्यावा. त्यात संपूर्ण बेसबँड आणि खालचा मॅक व्हेरिलॉग या सर्किट वर्णनाच्या भाषेत, एफपीजीएवर (आतले सर्किट हवे तसे जुळवता येणाऱ्या चिपवर) चालेल असा लिहिलेला आहे आणि वर लिनक्सचा नेहमीचा मॅक८०२११ बसतो. त्यातील एक्सपीयू नावाचा भाग आधी उघडावा. पायरी ३ आणि ४ मधील बरीच मोजणीयंत्रे तिथे सापडतील.

पायरी ८: बिघाड झाला तर थर ओळखून शोधावा

आयडब्ल्यूच्या स्टेशन डंप या आज्ञेत पुनःप्रयत्नांचा आकडा झपाट्याने वाढत असेल तर ड्रायव्हरचा कोड उघडण्याआधी चॅनलमधील गर्दी, अंतर आणि अँटेना पाहावी, कारण तिथे चिप आपले काम नियमानेच करत असते. संकेत चांगला असूनही जोडणी ठरावीक काळाने तुटत असेल तर जाळ्यातील सगळ्या यंत्रांची सामायिक किल्ली बदलण्याची मुदत आणि सप्लिकंटच्या नोंदी पाहाव्यात. लॅपटॉप झोपेत असताना हे घडत असेल तर ती किल्ली बदलण्याचे काम चिपकडे सोपवता येते का हेही तपासावे. कर्नलच्या नोंदीत फर्मवेअर बंद पडून पुन्हा सुरू झाल्याची ओळ दिसली तर कर्नलची आवृत्ती आणि फर्मवेअर फाइलची आवृत्ती या दोन्ही टिपून ठेवाव्यात आणि एका वेळी त्यांतील एकच बदलून पाहावी. आणि एन्क्रिप्शनबद्दल शंका असेल तर ड्रायव्हरमध्ये तशी सोय असल्यास ते संगणकावर आणून पाहावे: एथ९के आणि ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांसाठीचा बी४३ यांत नोएचडब्ल्यूक्रिप्ट, इंटेलच्या आयडब्ल्यूएलवायफायमध्ये एसडब्ल्यूक्रिप्टो. त्यानंतर दोष नाहीसा झाला तर किल्ल्यांचा तक्ता, चिपचे एईएस सर्किट किंवा त्यांना सूचना देणारा ड्रायव्हरचा भाग, एवढ्याच जागा शोधायच्या उरतात.